उरलेल्या नाण्यांचे मोल : अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर

जुन्या नाण्याचे मोल त्याच्या वयावर अवलंबून असते, हा समज नाणेसंग्रहाकडे वळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो सर्वांत आधी मोडावा लागतो. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील, सोळा-सतराशे वर्षांपूर्वीची तांब्याकाशाची नाणी आजही किरकोळ किमतीला मिळतात. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने १८९३ साली पाडलेला चांदीचा डॉलर झिजून गुळगुळीत झालेला असला तरी हजारो डॉलरांना विकला जातो. हे मोल चांदीचे म्हणावे, तर त्याच टांकसाळीच्या १८८१ च्या डॉलरात चांदी तेवढीच आहे आणि तो कोणत्याही अमेरिकी नाणेविक्रेत्याकडे सहज मिळतो. टांकसाळीच्या नोंदी पाहिल्या, तर १८८१ चे डॉलर १,२७,६०,००० आणि १८९३ चे अवघे १,००,००० पडले असे दिसते आणि कोडे सुटल्यासारखे वाटते. परंतु हाच हिशेब न्यू ऑर्लिन्सच्या १९०३ च्या डॉलराला लावू गेल्यास तो साफ फसतो.

अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यांचे मोल, ती किती पाडली गेली यापेक्षा किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली यावर ठरते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. किती उरली, हे मात्र संग्राहकांनी कधीच ठरवले नाही. ते खाणमालक, कायदेमंडळ आणि सरकारी खजिना यांच्या ओढाताणीतून ठरत गेले, आणि त्यातील सर्वांत मोठा निर्णय तर थेट हिंदुस्थानच्या चलनटंचाईमुळे घेतला गेला. म्हणून या नाण्यांच्या मूल्यनिर्णयाचा विचार त्यांच्या चलन-इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

२ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेने टांकसाळ स्थापन करण्याचे ठरवले, ती फिलाडेल्फियात उभी राहिली, आणि त्याच कायद्याने डॉलराची व्याख्या चांदीच्या वजनात बांधून दिली : शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, आणि हीण धरून एकूण वजन ४१६ ग्रेन. ग्रेन हे सोन्याचांदीच्या तोलाचे जुने इंग्रजी माप असून एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन भरतात. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रमाणित तोळा १८० ग्रेनांचा होता. डॉलराचे हे माप कायदेकर्त्यांनी मनाने ठरवले नव्हते, तर त्या काळी अमेरिकेच्या बाजारात सर्रास चालणाऱ्या स्पॅनिश डॉलरांच्या, म्हणजे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील टांकसाळींतून येणाऱ्या आठ रेआलांच्या नाण्यांच्या, कसावरून घेतले होते. १८३७ मध्ये हीण थोडे कमी करून कस हजारी ९०० करण्यात आला आणि नाण्याचे वजन ४१२.५ ग्रेनांवर, म्हणजे २६.७३ ग्रॅमवर आले; मात्र त्यातील शुद्ध चांदी होती तेवढीच राहिली आणि १९३५ मध्ये नेहमीच्या चलनासाठी चांदीचे डॉलर पाडणे थांबेपर्यंत ती बदलली नाही. १८३५ पासूनचा हिंदुस्थानी रुपया १८० ग्रेनांचा होता आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. तेव्हा चांदीच्या मापाने एक डॉलर म्हणजे नेमके सव्वादोन रुपये होतात. हे प्रमाण पुढे उपयोगी पडणार आहे.

सुरुवातीच्या काळातील डॉलर दुर्मीळ आहेत, आणि तेथे दुर्मिळतेचे कारण सरळ आहे. १७९४ मध्ये पहिले डॉलर पडले ते १,७५८. टांकसाळ नवी आणि यंत्र एवढ्या मोठ्या नाण्याला पुरे न पडणारे, यामुळे पुष्कळ नाण्यांवर ठसा फिका उठला. त्यांपैकी अत्यंत सुस्थितीतील एक नाणे जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १,००,१६,८७५ डॉलरांना गेले, आणि नाण्याला एक कोटी डॉलरांवर किंमत येण्याची ती पहिली वेळ होती. अशी नाणी सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातली नव्हेत, आणि त्यांच्याविषयीच्या बातम्यांनी नव्या संग्राहकाच्या अपेक्षा बिघडतात, हाच त्यांचा मोठा परिणाम म्हणावा लागेल.

याच काळातले एक नाणे मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यावरचे साल खोटे आहे आणि तरीही नाणे टांकसाळीचेच आहे. १८०४ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. परंतु ती सर्व नाणी जुन्याच ठशांनी, १८०३ किंवा त्याआधीचे साल घेऊन पडली होती. त्यानंतर डॉलर पाडणे तीस वर्षे बंद राहिले. १८३४ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सरकारने एडमंड रॉबर्ट्स या दूताबरोबर मस्कतचा सुलतान आणि सियामचा राजा यांना अमेरिकी नाण्यांचे संच नजराणा म्हणून पाठवायचे ठरवले, आणि संच पुरा व्हावा म्हणून टांकसाळीने जुन्या नोंदीवर विसंबून १८०४ हे साल असलेले डॉलर नव्याने घडवले. रॉबर्ट्स ज्या ‘पीकॉक’ या युद्धनौकेवरून निघाले, ती १८३५ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली, आणि सुलतानाची भेट आटोपून पूर्वेकडे जाण्याआधी दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत थांबली. रॉबर्ट्स पुढे १८३६ मध्ये मकाव येथे मरण पावले. पुढच्या काळात टांकसाळीतील मंडळींनी श्रीमंत संग्राहकांची हौस भागवण्यासाठी याच सालाची आणखी काही नाणी गुपचूप पाडली. सर्व मिळून १८०४ च्या सालाचे पंधरा-सोळा डॉलर आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एकही त्या साली अस्तित्वात नव्हता, आणि एकही चलनासाठी पाडला गेला नव्हता. त्यातील एकाला २०२१ मध्ये ७६,८०,००० डॉलर मिळाले. नोंदवहीतील आकडा आणि नाण्यावरील साल यांवर आंधळेपणाने विसंबू नये, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण अमेरिकी नाणेशास्त्रात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियाच्या सोन्यामुळे सोने स्वस्त आणि चांदी त्या मानाने महाग झाली, तेव्हा लोक चांदीची नाणी आटवू किंवा परदेशी पाठवू लागले. त्यावर उपाय म्हणून १८५३ मध्ये अर्ध्या डॉलराचे वजन २०६.२५ ग्रेनांवरून १९२ ग्रेनांवर आणले गेले, आणि हलके नाणे ओळखू यावे म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना लहान बाण कोरले गेले. १८७३ च्या कायद्याने नेहमीचा चांदीचा डॉलर वगळला आणि केवळ चीनच्या व्यापारासाठी ४२० ग्रेनांचा ‘ट्रेड डॉलर’ काढला. सुमारे साडेतीन कोटींवर पडलेल्या या नाण्यांपैकी कितीतरी नाण्यांवर चिनी सराफांनी कस तपासल्याची खूण म्हणून मारलेले बारीक शिक्के दिसतात. एकेकाळी असे नाणे बिघडलेले मानले जाई; आता शिक्क्यांच्या नाण्यांचाच संग्रह करणारे लोक आहेत, आणि त्यांची बाजू योग्य आहे, कारण ज्या कामासाठी हे नाणे जन्मले ते काम त्याने केल्याचा तेवढाच पुरावा नाण्यावर उरतो.

१८७३ चा कायदा पश्चिमेकडील राज्यांत पुढे ‘त्र्याहत्तरचा गुन्हा’ या नावाने ओळखला गेला. नेवाडातील कॉमस्टॉक येथे १८५९ मध्ये सापडलेल्या खाणींतून चांदी मोठ्या प्रमाणावर निघत होती, जर्मनीसारखे देश सोन्याच्या चलनाकडे वळत होते, आणि चांदीचा भाव घसरत चालला होता. खाणमालक आणि कर्जात बुडालेले शेतकरी यांच्या दबावाखाली २८ फेब्रुवारी १८७८ रोजी ब्लँड-ॲलिसन कायदा झाला आणि सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावेत असे बंधन त्यावर आले. यातून जो डॉलर जन्मला, तो इंग्लंडमधून आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कोरक्याच्या नावाने ‘मॉर्गन डॉलर’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या दर्शनी बाजूवरील स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासाठी फिलाडेल्फियातील ॲना विलिस विल्यम्स ही शिक्षिका नमुना म्हणून बसली होती. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये मिळून असे सुमारे ६५ कोटी ७० लाख डॉलर पडले.

ही नाणी कोणाला हवी होती, असा प्रश्न विचारला, तर खाणमालकांखेरीज कोणालाच नाही, असे उत्तर द्यावे लागते. पूर्वेकडील शहरांतील लोक कागदी नोटा पसंत करीत. जड डॉलर खिशात वागवायला तयार असत ते बहुतांशी पश्चिमेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक. परिणामी हजार-हजार डॉलरांच्या कापडी पिशव्या भरून त्या सरकारी तळघरांत रचल्या गेल्या आणि त्यांच्या तारणावर ‘चांदी प्रमाणपत्र’ नावाच्या नोटा काढल्या गेल्या. आज बाजारात दिसणारी शतकभरापूर्वीची पण कोरी करकरीत नाणी कोठून येतात, याचे उत्तर या तळघरांत आहे. पिशवीत एकमेकांवर आपटून नाण्यांना जे ओरखडे पडले, त्यांना संग्राहक पिशवीचे चरे म्हणतात. हाताळणीच्या झिजेहून ते वेगळे असतात आणि मूल्यनिर्णयात दोहोंची गल्लत केल्यास मोठी फसगत होते.

१८९० च्या शर्मन कायद्याने सरकारची खरेदी दरमहा ४५ लाख औंसांवर नेली. तरीही भाव सावरला नाही, आणि २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्यावर, म्हणजे कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची जुनी मुभा काढून घेतल्यावर, जगातील चांदीचे एक मोठे गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसे झाले आणि भाव आणखी कोसळला. अमेरिकेत त्या वर्षी बँकांचे संकट चालूच होते. नोव्हेंबरात शर्मन कायद्यातील खरेदीची तरतूद रद्द झाली आणि त्याच वर्षी कार्सन सिटीच्या टांकसाळीतील नाणी पाडण्याचे कामही थांबले. १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलराची एक लाखाची नोंद या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे ती आकस्मिक राहत नाही.

अमेरिकी डॉलरांच्या संख्येवर खरा घाला पडला तो मात्र १९१८ मध्ये, आणि त्याचे मूळ हिंदुस्थानात होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, कातडी, गहू आणि इतर मालाची जी प्रचंड खरेदी झाली, तिचे पैसे शेवटी रुपयांत चुकवावे लागत, आणि खेड्यापाड्यांत नोटेपेक्षा रुप्याच्या रुपयावर भरवसा होता. चांदी महाग झाल्याने आणि जहाजे अपुरी पडल्याने सरकारजवळचा रुपयांचा साठा आटत गेला. तो ताण हलका व्हावा म्हणून १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढण्यात आली. तरीही १९१८ च्या सुरुवातीस नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की, नोटांच्या बदल्यात चांदी देण्याचे वचन मोडावे लागेल अशी वेळ जवळ आली. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. खाणींतून तेवढी चांदी तातडीने निघणे शक्य नव्हते. मात्र अमेरिकेच्या तळघरांत ती डॉलरांच्या रूपाने तयार होती. २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा झाला आणि जास्तीत जास्त ३५ कोटी डॉलर आटवण्याची परवानगी मिळाली.

प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर आटवले गेले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी, म्हणजे सुमारे २० कोटी औंस, ब्रिटनमार्फत हिंदुस्थानसाठी विकली गेली आणि उरलेली अमेरिकेच्या चिल्लर नाण्यांसाठी वापरली गेली. वर सांगितलेले सव्वादोन रुपयांचे प्रमाण येथे लावले, तर या चांदीतून सुमारे ५८ कोटी ३० लाख रुपये पडू शकत होते, एवढी ती मोठी होती. पंचम जॉर्जच्या मुखाचे १९१८ नंतरचे जे रुपये महाराष्ट्रातील घरोघरच्या फडताळांत आणि डब्यांत आजही निघतात, त्यांतील चांदीचा मोठा भाग एकेकाळी फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स किंवा कार्सन सिटी येथे डॉलर होऊन पडला होता. मुंबईच्या टांकसाळीचा रुपया मागच्या बाजूवरील बारीक उठावाच्या ठिपक्याने ओळखता येतो; कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

नाणेसंग्रहाच्या दृष्टीने या प्रकरणातील निर्णायक गोष्ट अशी की, कोणत्या सालाचे आणि कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर आटवले, याची नोंद कोणीही ठेवली नाही. तळघरातील ज्या पिशव्या हाताशी आल्या त्या मुशीत गेल्या. १९०४ पर्यंत सुमारे ५७ कोटी मॉर्गन डॉलर पडले होते. आटवलेली नाणी बहुतांशी त्यांतलीच असल्याने त्यांतील निम्म्याच्या आसपास नाणी अशा रीतीने गेली, आणि टांकसाळीच्या वार्षिक नोंदींचा व प्रत्यक्ष अस्तित्वातील नाण्यांचा संबंध कायमचा तुटला. कायद्यातच आटवलेल्या डॉलरांइतके डॉलर देशी खाणींची चांदी घेऊन पुन्हा पाडण्याची अट होती, आणि ती पाळताना १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा पडला व त्याच वर्षाच्या शेवटी अँथनी डी फ्रान्सिस्की या शिल्पकाराचा ‘पीस डॉलर’ आला. म्हणजे महायुद्धोत्तर शांततेचे स्मारक म्हणून गौरवलेले हे नाणे व्यवहारात हिंदुस्थानला दिलेल्या चांदीची भरपाई होते.

नोंदीवर विसंबण्याचे परिणाम १९६२ मध्ये उघड झाले. न्यू ऑर्लिन्सच्या १९०३ च्या डॉलराची टांकसाळीतील संख्या ४४,५०,००० आहे. परंतु कोरे नाणे कोणाच्याच दृष्टीस पडत नसल्याने ते सर्व मुशीत गेले असावेत असे संग्राहकांनी धरले होते आणि हे नाणे मॉर्गन मालिकेतील सर्वांत महाग नाण्यांत गणले जाई. १९६२ च्या अखेरीस खजिन्याने सणासुदीच्या मागणीसाठी जुनी बंद तळघरे उघडली आणि त्यांतून याच डॉलराच्या भरलेल्या पिशव्या बाहेर पडल्या. चार आकड्यांतील किंमत बघता बघता दोन आकड्यांवर आली. उलट्या टोकाला फिलाडेल्फियाचा १८९५ चा डॉलर आहे : टांकसाळीची नोंद १२,००० चलनी नाण्यांची, पण त्यांतले एकही आजपर्यंत ओळखले गेलेले नाही, उरले आहेत ते ‘प्रूफ’, म्हणजे घासून चकचकीत केलेल्या ठशांनी संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेले डॉलर, आणि तेही मूळ ८८० च.

१९६२ नंतर लोकांनी तळघरे उपसायला सुरुवात केली. चांदीचा भाव औंसाला १.२९ डॉलरांवर गेला की डॉलरातील चांदी डॉलराएवढीच होते, आणि भाव त्या पातळीला टेकल्यावर चांदी प्रमाणपत्रे देऊन नाणी नेणाऱ्यांच्या रांगा लागल्या. मार्च १९६४ मध्ये नाणी देणे थांबवण्यात आले, तेव्हा खजिन्यात सुमारे तीस लाख डॉलर उरले होते, आणि त्यांतील बहुतेक कार्सन सिटीचे निघाले. सामान्य सेवा प्रशासन या सरकारी खात्याने ते १९७२ ते १९८० या काळात प्लास्टिकच्या डब्यांत घालून टपालाने विकले. १८८४ मध्ये कार्सन सिटीत ११,३६,००० डॉलर पडले होते, आणि त्यांपैकी ९,६२,६३८ या विक्रीत कोरे निघाले. म्हणजे शंभरातले जवळजवळ पंच्याऐंशी डॉलर कोणाच्या खिशात न जाताच नव्वद वर्षे पडून राहिले. या सालाचे झिजलेले नाणे कोऱ्या नाण्यापेक्षा शोधायला कठीण आहे, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटली तरी हिशेबाला धरून आहे.

येथे टांकसाळीच्या चिन्हाचा उलगडा करणे आवश्यक आहे. फिलाडेल्फियाच्या जुन्या डॉलरांवर चिन्ह नसते. न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, डेन्व्हरचे ‘डी’ आणि कार्सन सिटीचे ‘सीसी’ ही रोमन अक्षरे मॉर्गन डॉलराच्या मागच्या बाजूस, गरुडाखालच्या पर्णमाळेच्या गाठीखाली कोरलेली असतात. एकोणिसाव्या शतकातील संग्राहक केवळ साल पाहत. टांकसाळ कोणती याकडे त्यांचे लक्ष नसे. १८९३ मध्ये ऑगस्टस हीटन या चित्रकाराने शाखा-टांकसाळींच्या नाण्यांवर पुस्तिका काढून हा भेद संग्रहयोग्य कसा आहे ते दाखवले, आणि तेव्हापासून एका सालाची चार नाणी चार वेगळ्या वस्तू मानली जाऊ लागली. नेमक्या त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पडलेले एक लाख डॉलर त्या काळी कोणी बाजूला काढून ठेवले नाहीत, हा योगायोग संग्राहकांना आजही बोचतो.

चिल्लर नाण्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. १९६४ पर्यंतचे दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्धा डॉलर हजारी ९०० कसाचे आहेत. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोहोंतून चांदी पूर्ण काढली आणि अर्ध्या डॉलरात ती १९७० पर्यंत शेकडा ४० ठेवली. एक डॉलर दर्शनी मूल्याच्या जुन्या चिल्लरीत नवी असताना २२.५ ग्रॅम, म्हणजे ०.७२३४ औंस शुद्ध चांदी असते, आणि झीज धरून व्यापारी ती ०.७१५ औंस मोजतात. मोठ्या डॉलरात ती ०.७७३४ औंस आहे. या औंसाला दिवसाच्या भावाने गुणले की धातूचे मोल निघते, आणि बहुसंख्य झिजलेल्या, सामान्य सालांच्या नाण्यांचे मोल त्यापलीकडे फारसे जात नाही. जानेवारी १९८० मध्ये टेक्सासच्या हंट बंधूंच्या खरेदीने चांदी औंसाला पन्नास डॉलरांच्या आसपास गेली, तेव्हा नाण्यांच्या पोत्यांची पोती भट्टीत गेली. मार्चअखेर भाव अकरा डॉलरांच्या खाली उतरला, पण गेलेली नाणी परत आली नाहीत, आणि याही वेळी सालांची नोंद कोणी केली नाही.

धातूपलीकडचे मोल ठरवताना सर्वांत जास्त वाद होतो तो नाण्याच्या प्रतीविषयी. आज सर्वत्र वापरली जाणारी १ ते ७० अंकांची श्रेणी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली, आणि ती मुळात चांदीसाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांच्या किमती प्रतीच्या प्रमाणात कशा चढतात, हे सांगण्याचे ते गणित होते. त्या किमती लवकरच बदलल्या, गणित मोडले, आणि अंक तेवढे राहिले. ६० ते ७० हे अंक चलनात न गेलेल्या, कोऱ्या नाण्यांसाठी राखलेले आहेत; त्याखाली केसांच्या बटा, गरुडाची छाती, पंखांची टोके असे उंच भाग किती झिजले यावर अंक उतरत जातात. कोऱ्या नाण्यात मात्र झीज नसल्याने ओरखडे, ठशाचा उठाव, लकाकी आणि डोळ्यांना होणारे समाधान यांवर अंक द्यावा लागतो, आणि हे अखेर माणसाचे मत असते.

१९८६ पासून व्यावसायिक श्रेणीसंस्थांनी नाणे तपासून, अंक देऊन, बंद पारदर्शक डबीत सील करण्याची पद्धत रूढ केली. खोट्या नाण्यांविरुद्ध आणि विक्रेत्याच्या मनमानीविरुद्ध तिने ग्राहकाला संरक्षण दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिने एक नवी विकृतीही आणली : ६५ आणि ६६ या अंकांतील नाणी अनुभवी डोळ्यालाही पटकन वेगळी करता येत नाहीत, पण काही सालांत त्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडते, आणि तेच नाणे डबी फोडून पुन्हा तपासणीस पाठवले तर अंक बदलून येऊ शकतो. जो संग्राहक डबीवरचा अंक विकत घेतो आणि डबीतले नाणे पाहत नाही, तो संग्रह करीत नसून रोखे विकत घेत आहे, असेच म्हटले पाहिजे.

नाण्याचे मोल एका क्षणात घालवण्याचा हमखास मार्ग म्हणजे ते स्वच्छ करणे. ठसा पडताना धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात ते या रेषांमुळे. पॉलिशने किंवा भुकटीने घासल्यावर या रेषा जातात, आणि उरते ती नुसती चमक, जी जाणकार एका दृष्टिक्षेपात ओळखतो. चांदीवर गंधकाच्या संयोगाने चढणारा काळपट, निळसर किंवा तांबूस थर हा दोष नसतो, उलट तो नैसर्गिक आणि सुरेख असेल तर संग्राहक त्यासाठी जादा किंमत मोजतात. रांगोळी, चिंच किंवा दंतमंजन लावून देवघरातील चांदी उजळवणाऱ्या मराठी घरांत ही गोष्ट विशेष आग्रहाने सांगावी लागते, आणि पुतळ्यांच्या माळेप्रमाणे नाण्याला डाग देऊन कडी जोडण्याच्या हौसेविषयीही तेच म्हणता येईल.

खोट्या नाण्यांची पारख वजनापासून सुरू होते. डॉलराचे वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. चुंबकाला चिकटणारा किंवा दोनतीन ग्रॅमने हलका भरणारा डॉलर सरळ बाजूला ठेवावा. त्याहून फसवी असतात ती खऱ्याच नाण्यावर केलेली कारागिरी : फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या डॉलरावर ‘एस’ डकवणे, किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९८ च्या डॉलरातील आठाचा तीन करणे. यावर उपाय टांकसाळीनेच नकळत ठेवला आहे. १८९३ चे ते एक लाख डॉलर दर्शनी बाजूच्या एकाच ठशाने पडले आणि त्या ठशावर एक बारीक ओरखडा होता, म्हणून खऱ्या नाण्यावर देवतेच्या मुकुटपट्टीवरील ‘लिबर्टी’ या शब्दातील ‘टी’ या अक्षराच्या माथ्यावर एक तिरकी उंच रेघ भिंगाखाली दिसते. झिजलेल्या नाण्यावरही ती पुष्कळदा टिकून असते.

एका आयुष्यात सर्व सालांचा आणि सर्व टांकसाळींचा संच पुरा करणे फार थोड्यांना शक्य आहे, आणि ते आवश्यकही नाही. बाणांचा अर्धा डॉलर, चिनी शिक्के असलेला ट्रेड डॉलर, तळघरातून कोरा आलेला कार्सन सिटीचा मॉर्गन, १९२१ चे दोन्ही डॉलर आणि त्यांच्या शेजारी मुंबई टांकसाळीचा १९१८ चा रुपया, असा पाच-सहा नाण्यांचा संग्रह माफक खर्चात होतो आणि शतकभराची चांदी तो हातात ठेवतो. भारतातील प्रदर्शनांत अमेरिकी डॉलर परदेशी नाण्यांच्या गठ्ठ्यात आणि पंचम जॉर्जचा रुपया देशी नाण्यांच्या मांडणीत ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती या दृष्टीने सदोष आहे.

परदेशी राहून आलेल्या नातेवाइकांच्या सामानात, किंवा बंदराशी आणि सराफीशी संबंध असलेल्या जुन्या घराण्यांच्या पेट्यांत असा एखादा डॉलर निघाल्यास, वाचकांनी तो कडेने धरून त्याचे वजन करावे, साल आणि पर्णमाळेखालचे अक्षर लिहून घ्यावे, तो पुसू नये, आणि जाणकाराला दाखवल्यावाचून चांदीच्या भावाने मोडीत देऊ नये.